जमेल का, लोक काय म्हणतील : धार-देवासकडून काही उत्तरं

मार्च १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर देवासला पोहोचले, तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते आणि इंग्लंडमध्ये कादंबरीकार म्हणून त्यांचं नाव झालेलं होतं. तिथल्या राजघराण्याच्या थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने काम करायला ते आले होते. सामानात एका अर्धवट कादंबरीचे कागद होते. १९१२-१३ मध्ये ते पहिल्यांदा हिंदुस्थानात येऊन गेले होते. परतल्यावर त्यांनी इथल्या जीवनावरची कादंबरी लिहायला घेतली आणि काही प्रकरणांनंतर ती अडली. देवासला राहिल्यावर ती मार्गी लागेल, अशी त्यांची अपेक्षा होती. घडलं उलटंच. समोरचं गाव, दरबार आणि माणसं पाहिल्यावर जुनी पानं त्यांना निर्जीव वाटू लागली आणि त्यांचं पुढे काही करता येईना. ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी हे मोकळेपणाने सांगितलं आहे. पुस्तकाच्या नावातला डोंगर म्हणजे देवासची माताजीची टेकडी.

लिहिणारा, गाणारा, चित्रं काढणारा प्रत्येकजण या जागी कधी ना कधी येतो. ‘मला जमेल का’ आणि ‘लोक काय म्हणतील’ हे दोन प्रश्न जोडीनेच येतात आणि एकमेकांना बळ देत राहतात. ही शंका एकदा मनातून जाऊ दे, मग काम सुरू करू, असं आपण ठरवतो आणि तिथेच फसतो. शंका जात नाही. तिचा रोख मात्र बदलता येतो. ‘मी कसा आहे’ असं विचारणारी शंका हात बांधून टाकते. ‘हे काम कुठे कच्चं आहे’ असं विचारू लागली की तीच शंका उपयोगाची होते. माळव्यातली धार आणि देवास ही पवारांची दोन गावं या बाबतीत बरंच शिकवतात. म्हणून हा लेख.

नजर आपल्यावर पडली की

टीकेच्या भीतीने काम का बिघडतं, याचा शोध मानसशास्त्राने घेतला आहे. तेरेसा अमाबिले या अमेरिकन संशोधिकेने १९७९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थिनींना कागदाचे रंगीत तुकडे चिकटवून चित्र करायला सांगितलं. काहींना आधीच कल्पना दिली होती की जाणकार चित्रकार या चित्रांची पारख करणार आहेत. पुढे चित्रकारांनी सगळी चित्रं तपासली, तेव्हा पारख होणार हे माहीत असलेल्या मुलींची चित्रं एकंदरीत कमी कल्पक ठरली. नेमकं काय आणि कसं केलं की चित्र चांगलं मानलं जाईल, हे ज्यांना स्पष्ट सांगितलं होतं, त्यांच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही.

यामागचं कारण समजण्यासारखं आहे. आपलं लक्ष मर्यादित असतं. त्यातला मोठा वाटा ‘बघणाऱ्याला मी कसा दिसेन’ या विचारात गेला की कागदावरच्या रेषेसाठी थोडंच उरतं. मग माणूस ओळखीच्या, बिनधोक वाटेने जातो. नवं काही करून पाहायची जोखीम तो घेत नाही, कारण नव्यात चुकायची शक्यता जास्त.

मग अभिप्राय ऐकूच नयेत का? १९९६ मध्ये अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी अभिप्रायांवरचं आधीचं संशोधन एकत्र करून ६०७ निष्कर्ष तपासले. सरासरीने पाहता अभिप्रायामुळे काम सुधारत होतं. पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्राय मिळाल्यावर काम आधीपेक्षा खालावलं होतं. त्यांनी मांडलेली उपपत्ती अशी, की अभिप्राय माणसाचं लक्ष कामाकडे वळवतो तेव्हा उपयोगी पडतो आणि माणसाचं लक्ष स्वतःकडे वळवतो तेव्हा घात करतो. कौतुकालाही हे लागू आहे. ‘तू फार हुशार आहेस’ हे ऐकून पुढचं काम सोपं होतंच असं नाही, कारण आता हुशारी टिकवून दाखवायची असते.

फॉर्स्टरांच्या अनुभवाकडे आता पुन्हा पाहू. देवासमध्ये त्यांना जी शंका आली, ती खरी होती. जुनी पानं देशाच्या मानाने खरोखरच अपुरी होती. त्यांनी काम तिथेच ठेवलं, पण डोळे उघडे ठेवले. त्या पावसाळ्यात देवासच्या राजवाड्यात गोकुळाष्टमीचा उत्सव कित्येक दिवस चालला. गोंगाट, गुलाल, भजनं, फुलांच्या राशी यांनी ते गोंधळले आणि भारावलेही. त्याविषयी त्यांनी घरी सविस्तर पत्रं लिहिली. इंग्लंडला परतल्यावर लेनर्ड वुल्फ या मित्राने त्यांना कादंबरी पुन्हा हाती घ्यायला लावली. १९२४ च्या जूनमध्ये ‘अ पॅसेज टु इंडिया’ प्रसिद्ध झाली. तिचा शेवटचा भाग देवासच्या त्या जन्माष्टमीवर उभा आहे. त्यात गोडबोले नावाचे प्राध्यापक आहेत आणि तुकारामाच्या नावाचा गजरही आहे. जे देवास पाहून त्यांचा हात अडला, त्यानेच कादंबरीचा शेवट पुरवला.

यापुढे फॉर्स्टर १९७० पर्यंत जगले, पण आयुष्यात दुसरी कादंबरी त्यांनी प्रसिद्ध केली नाही. त्यांनी निबंध लिहिले, चरित्रं लिहिली, रेडिओवर भाषणं दिली. दोन पुरुषांमधल्या प्रेमावरची ‘मॉरिस’ ही कादंबरी त्यांनी १९१३-१४ मध्येच लिहिली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९७१ मध्ये बाहेर आली. तसं प्रेम इंग्लंडात १९६७ पर्यंत कायद्याने गुन्हा होतं. म्हणजे प्रत्येक भीती मनाचा कमकुवतपणा नसते. काही भीती खऱ्या धोक्याची असते आणि अशा वेळी काम लिहून पेटीत ठेवणं हेही धैर्यच असतं.

भोजाने केलेली दोषांची वर्गवारी

फॉर्स्टरांच्या नऊ शतकं आधी धारमध्ये टीकेचं शास्त्र फार बारकाईने मांडलं गेलं होतं. अकराव्या शतकातला परमार राजा भोज याची राजधानी धार. त्याच्या नावावर असलेल्या ‘सरस्वतीकण्ठाभरण’ या काव्यशास्त्राच्या ग्रंथाची सुरुवातच गुणदोषांपासून होते. पदाचे १६ दोष, वाक्याचे १६ आणि वाक्यार्थाचे १६. पाठोपाठ शब्दाचे २४ गुण आणि अर्थाचे २४.

आजच्या वाचकाला ही यादी रुक्ष वाटेल. मला मात्र तिच्यात मोठा दिलासा दिसतो. दोष कुठे आहे, हे इथे नेमकं सांगायला लागतं. शब्द चुकला आहे, की वाक्याची घडण, की अर्थच नीट जुळलेला नाही? ‘कवी सुमार आहे’ असा शेरा मारायला या यादीत जागाच नाही. दोषाला पत्ता असतो, आणि पत्ता असलेला दोष दुरुस्त करता येतो. क्लुगर आणि डेनिसींनी विसाव्या शतकात जे आकड्यांनिशी दाखवलं, त्याची शिस्त या मांडणीत आधीपासून आहे.

भोज इथेच थांबत नाही. गुणांचा आणखी एक गट तो सांगतो, त्यांना वैशेषिक गुण म्हणतो. एरवी जे दोष मानले जातात, पण विशिष्ट संदर्भात, विशिष्ट प्रयोजनाने आले की गुण ठरतात, ते यात येतात. एखादा शब्द पुन्हा पुन्हा येणं एरवी कंटाळवाणं, पण घाबरलेल्या किंवा आनंदाने बेभान झालेल्या माणसाच्या तोंडी तेच खरं वाटतं. टीका ऐकताना हा विचार हाताशी असावा. समोरचा ज्याला दोष म्हणतो आहे, तो आपल्या कामाच्या प्रयोजनाने आला आहे की आपल्या आळसाने, हे आपण प्रामाणिकपणे तपासायचं. आळसाने आला असेल तर दुरुस्त करायचा. प्रयोजनाने आला असेल तर तो राखायचा आणि पुढच्या वेळी प्रयोजन अधिक उघड दिसेल असं काम करायचं.

माती ओली असेपर्यंत

याच धारमध्ये पुढे एका मराठी कलावंताने मुक्काम ठोकला. वसईत १८८४ मध्ये जन्मलेले शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके मुंबई सोडून धारला आले आणि इथलेच झाले. मुंबईच्या गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांनी घडवला. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७२ मध्ये धारलाच त्यांचं निधन झालं. त्यांचा स्टुडिओ आजही गावाच्या ओळखीचा भाग आहे.

व्यक्तिशिल्प करणाऱ्याइतकी टीका क्वचितच कुणाच्या वाट्याला येत असेल. कविता आवडली नाही तर लोक गप्प बसतात. पण टिळकांना पाहिलेल्या माणसांनी भरलेल्या शहरात टिळकांचा पुतळा उभा राहिला की प्रत्येकजण नाकाडोळ्यांचा परीक्षक होतो. हे ओझं शिल्पकार कसं पेलतो, याचं उत्तर त्याच्या कामाच्या रीतीत आहे. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा राहतो. त्यावर ओली माती चढते. माती फडक्यांनी झाकून, पाणी शिंपडून आठवडेच्या आठवडे ओली ठेवतात. या काळात काहीही पक्कं नसतं. कपाळ रुंद झालं तर खरवडायचं, मान आखूड वाटली तर लांबवायची, अख्खा हात काढून पुन्हा बसवायचा. शिल्पकार दूर जातो, खालून बघतो, उजेड बदलून बघतो. समाधान झालं की प्लास्टरचा साचा निघतो आणि मग धातूचं ओतकाम. तिथून पुढे फेरफार अवघड.

प्रत्येक कलेत ही ओल्या मातीची अवस्था असते, पण लिहिणारे आणि गाणारे ती मान्य करायला तयार नसतात. पहिलं वाक्य लिहितानाच ते धातूत ओतलं जाणार असल्यासारखे घाबरतात. पहिला खर्डा हा खरवडण्यासाठीच असतो. या अवस्थेत बाहेरच्या माणसाला आत घेऊ नये, घेतलाच तर विश्वासातल्या एखाद्याच माणसाला. उलट, साचा निघाल्यावर पुन्हा पुन्हा माती चिवडत बसणं हाही भीतीचाच प्रकार असतो. एकदा काम हातावेगळं झालं की ते लोकांसमोर ठेवावं.

खाटेवरून ऐकलेलं गाणं

आता या विषयातलं सगळ्यांत मोठं उदाहरण. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकलीमठ, म्हणजे कुमार गंधर्व. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. नामवंत गवयांच्या ध्वनिमुद्रिका हा मुलगा हुबेहूब गाऊन दाखवायचा. अकरा-बारा वर्षांचा असताना मुंबईच्या जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत त्याने जाणकारांना थक्क केलं. पुढे बी. आर. देवधर यांच्याकडे तालीम सुरू झाली. देवधरांच्या ऑपेरा हाउसजवळच्या शाळेत सगळ्या घराण्यांचे गवई येत-जात. तिथे ऐकण्याबरोबर विचार करायचीही सवय लागली. हुबेहूब नक्कल करणाऱ्या मुलाला जग डोक्यावर घेतं, पण त्याचा स्वतःचा आवाज कोणता, हा प्रश्न शिल्लक राहतो. लहानपणीचं अफाट कौतुक हे ओझंच असतं.

१९४७ मध्ये भानुमतींशी लग्न झालं आणि त्याच सुमारास क्षयाचं निदान झालं. वय तेवीस. गाणं बंद. कोरड्या हवेसाठी दोघं देवासला आली. पुढची पाच-सहा वर्षं मोठा काळ खाटेवरच गेला. एक फुप्फुस निकामी झालं. भानुमतींनी शाळेत शिकवून घर चालवलं आणि नवऱ्याची शुश्रूषा केली. स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयावरचं औषध भारतात पोहोचलं, तेव्हा कुठे आजार हटला. १९५३ च्या सुमाराला कुमार पुन्हा मैफलीत बसले.

त्या मधल्या वर्षांत गळा बंद होता, कान उघडे होते. माळव्यातल्या बायका लग्नकार्यात, सणावाराला, जात्यावर जे गात, ते त्यांच्या कानावर येत होतं. त्यांनी या धुना टिपून घ्यायला सुरुवात केली. तीन-चार स्वरांत फिरणाऱ्या या धुनांच्या पोटात रागाची बीजं आहेत, असं त्यांच्या लक्षात आलं. त्यातून पुढे मालवती, लगनगंधार, संजारी, सहेली तोडी अशा रागांची मालिका उभी राहिली. धुनेतून उगवलेले म्हणून त्यांना धुनउगम राग म्हणतात. देवासच्या शीलनाथ महाराजांच्या धुनीवर नाथपंथी भजनं होत. तिथून निर्गुणी भजनाचा सूर त्यांच्या गाण्यात आला आणि कबीर मैफलीत येऊन बसला.

परत आलेलं गाणं सगळ्यांना रुचलं नाही. विलंबित ख्यालाची पायरीपायरीने बढत करायची ठरलेली रीत त्यात नव्हती. तान छोटी, तुटक, अचानक तारसप्तकात झेपावणारी. मध्येच शांतता. घराण्याचा शिक्का नाही. लोकगीतं आणि भजनं ख्यालाच्या पंगतीला. जुन्या जाणकारांनी नावं ठेवली. काहींनी तुटकपणाचं कारण फुप्फुसात शोधलं, तर जवळून ऐकणाऱ्यांनी ती सौंदर्यदृष्टीच आहे असं ठासून सांगितलं. भोजाच्या भाषेत हा वाद वैशेषिक गुणाचाच होता.

कुमारांनी या टीकेला मुख्यतः कामाने उत्तर दिलं, आणि त्या कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’चा पहिला भाग आला. त्यात आपल्या बंदिशी आणि नवे राग त्यांनी स्वरलिपीसह छापले. म्हणजे कुणालाही तपासता येईल, दोष दाखवता येईल असं काम उघड्यावर ठेवलं. ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ अशा कार्यक्रमांतून माळव्याची लोकगीतं आणि रागसंगीत एका बैठकीत ऐकवलं, म्हणजे नातं श्रोत्यालाच कळावं. बालगंधर्वांच्या गाण्यावर कार्यक्रम केला तो ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या नावाने. बालगंधर्वांच्या भक्तांना दुखावण्याचा धोका पत्करून त्यांनी आपलं आकलन पुढे केलं, आणि ते आपलं आहे हेही सांगितलं.

शिवाय ते एकटे नव्हते. इंदूर पस्तीसेक किलोमीटरवर. तिथले ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते आणि चित्रकार विष्णू चिंचाळकर हे त्यांच्या घरोब्यातले. मुंबईत वामनराव देशपांडे, जयपूर गायकीचे अभ्यासक आणि ‘घरंदाज गायकी’चे लेखक. घराण्यांवर पुस्तक लिहिणारा माणूस घराणं सोडलेल्या गवयाचा जिवलग मित्र होता, आणि त्यांचे चिरंजीव सत्यशील पुढे कुमारांचे शिष्य झाले. मतभेद ठेवून माया करणारे असे दोन-चार कान लाभले की बाहेरचा कोलाहल सोसता येतो.

कुमारांच्या तंबोऱ्यांची आजही आठवण काढली जाते. मैफलीआधी ते दोन तंबोरे अतिशय चोखंदळपणे लावत. खुंटी पिळायची, घोडीखालचा मणी केसभर सरकवायचा, जवारीचा दोरा तारेखाली हलवून बघायचा, पुन्हा ऐकायचं. समोर श्रोते बसलेले असताना एवढा वेळ एका तारेला देणं सोपं नाही. मला त्यात भीतीवरचा फार जुना इलाज दिसतो: लक्ष समोरच्या डोळ्यांवरून काढून हातातल्या तारेवर आणायचं. तार लागली की नाही, हे तार सांगते.

आपल्यापुरतं काय करता येईल

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘मला हे जमेल’ हा विश्वास कुठून येतो, याची चार उगमस्थानं मांडली. स्वतः पार पाडलेलं काम, आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर आणि शरीर-मनाची तेव्हाची अवस्था. यांत सगळ्यांत भक्कम पहिलं. म्हणजे आत्मविश्वास कामाच्या आधी मिळत नाही, तो कामातून साठत जातो. म्हणून काम लहान घ्यावं, पण पुरं करावं. अर्धवट कादंबरीपेक्षा पूर्ण झालेली चार पानांची कथा मनाला जास्त बळ देते.

दुसरं, खर्डा आणि तपासणी यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. सकाळी लिहावं, खोडाखोड दुसऱ्या दिवशी करावी. एकाच वेळी माती चढवणं आणि साचा काढणं शिल्पकारालाही जमत नाही.

तिसरं, अभिप्राय मागताना प्रश्न बदलावा. ‘कसं वाटलं?’ या प्रश्नाला ‘छान’ किंवा ‘ठीक’ एवढंच उत्तर येतं आणि दोन्ही आपल्या मनाला लागतात. ‘वाचताना कुठे कंटाळा आला?’, ‘कुठलं पात्र खोटं वाटलं?’, ‘अंतऱ्यात लय घसरली का?’ असं विचारलं की उत्तर कामाबद्दल येतं आणि आपण पेन्सिल घेऊन बसू शकतो.

चौथं, टीका थांबण्याची वाट पाहू नये. कुमारांना १९७७ मध्ये पद्मभूषण आणि १९९० मध्ये पद्मविभूषण मिळालं, १९९२ मध्ये देवासलाच त्यांनी देह ठेवला, आणि त्यांच्या ख्यालाबद्दलचा वाद आजही दर्दी मंडळींत रंगतो. ज्या कामावर पन्नास वर्षांनीही भांडावंसं वाटतं, त्या कामाचं काही वाईट झालेलं नाही.

आणि शेवटी, आपण सगळे कधी ना कधी टीकाकारही असतो. घरातल्या मुलीने पहिली कविता दाखवली, शेजारच्या मुलाने पेटीवर पहिली चाल बसवली, की आपण चटकन ‘वा!’ म्हणतो किंवा ‘अजून तयारी हवी’ म्हणतो. दोन्ही शेरे तिच्याबद्दल, त्याच्याबद्दल असतात. त्याऐवजी एक ओळ बोटाने दाखवावी आणि ती का आवडली ते सांगावं. दुसरी दाखवावी आणि ती कुठे अडखळते ते सांगावं. एवढं केलं तर ती मुलगी उद्या पुन्हा लिहायला बसेल. कुणाला पुन्हा कामाला बसवणं, हेच टीकेचं खरं काम आहे.